सेसना १७२एम : पावसाळ्यानंतर टाक्या भरल्या आणि निळे डाग दिसू लागले. कुठून सुरुवात करावी?

निळी_धार, पुणे

नमस्कार मंडळी. विमान १९७५ चं सेसना १७२एम, इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-ई२डी. जूनपासून सप्टेंबरअखेर पत्र्याच्या हँगरमध्ये उभं होतं आणि दोन्ही टाक्या पाव भरलेल्या होत्या. गेल्या आठवड्यात काठोकाठ ॲव्हगॅस १०० एलएल (विमानाचं निळं पेट्रोल) भरलं, आणि तेव्हापासून चार ठिकाणी काही ना काही दिसतंय.

स्ट्रेनरच्या (इंधनाच्या गाळणीच्या) ड्रेनला थेंब धरतो, साधारण दहा मिनिटांत एक. केबिनमध्ये डावा पंख जिथे छताला मिळतो तिथल्या कापडावर रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डाग आहे आणि दार उघडलं की वास येतो. डाव्या पंखाखाली स्ट्रटमागची (पंखाला टेकू देणाऱ्या दांड्यामागची) व्हेंटची, म्हणजे टाकीला हवा देणारी नळी दुपारी टपकते, सकाळी मात्र कोरडी असते. शिवाय काउलिंगखाली (इंजिनच्या झाकणाखाली) एअरबॉक्सला, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या पेटीला, कधी ओल असते, कधी नसते.

इंजिनच्या बाजूच्या रबरी होजवर (लवचिक नळ्यांवर) २०१६ ची खूण आहे आणि ते हाताला लाकडासारखे लागतात. कुणी म्हणतं होज भोसरीत क्रिंप करून घ्या, ओ-रिंग नाना पेठेत मिळतील. उड्डाण बंद ठेवलं आहे. एएमई (विमान दुरुस्तीचे अभियंता) साहेब शनिवारी येणार आहेत. त्याआधी काय तपासून ठेवू आणि कोणते पार्ट मागवायला सांगू?

सदतीस_अंश

उड्डाण बंद ठेवलंत हे उत्तम. आता एक पथ्य पाळा: कुठलाही नट अजून आवळू नका. गळणारा जोड आवळला की थेंब दोन दिवस थांबतो, खरं कारण झाकलं जातं आणि ॲल्युमिनियमच्या नळीची फ्लेअर (पसरवलेलं टोक) चिरते ती वेगळीच.

चारही ठिकाणं एकदम धरू नका, प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. पांढरी सुती चिंधी घ्या, डाग पूर्ण पुसून काढा, मग संध्याकाळी आणि पहाटे पुन्हा बघा. पहाटेचं बघणं महत्त्वाचं. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी बारीक पाझर बाहेर आल्याबरोबर उडून जातो, ओल दिसतच नाही, मागे फक्त रंग राहतो. ताजा डाग स्वच्छ निळा असतो आणि चिंधीवर उतरतो. जुना पिवळट-तपकिरी, थोडा चिकट होतो. लालसर दिसलं तर ते ब्रेकचं हायड्रॉलिक तेल, काळपट दिसलं तर इंजिन ऑइल.

व्हेंटचं आधी मिटवू, कारण ती बहुतेक गळती नाहीच. तुमच्या टाकीत २१ अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळपास ८० लिटर मावतं. ॲव्हगॅस दर अंशाला ढोबळमानाने हजारातला एक भाग फुगतं. सकाळी थंड इंधन काठापर्यंत भरलं आणि पत्र्याखाली ते १५ अंशांनी तापलं, तर एका टाकीमागे सव्वा लिटर जास्तीचं होतं. त्याला जायला वाट व्हेंटचीच. त्यात विमान डावीकडे कललेलं असेल आणि सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ती कळ) बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर असेल, तर उजव्या टाकीतलंही डावीकडे येऊन बाहेर पडतं. सिलेक्टर लेफ्ट किंवा राइटवर ठेवा, चाकं सपाट जागी आणा, टाकी दोन बोटं कमी ठेवा. तेवढ्याने थांबलं तर विषय संपला. पहाटेच्या गारव्यातही टपकत राहिलं, तर मात्र व्हेंटच्या आतली झडप तपासायची.

चार महिने उभ्या विमानात व्हेंटच्या तोंडाशी आणि वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते. तुमची डावी व्हेंट टपकते म्हणजे ती मोकळी आहे. उजव्या टाकीच्या टोपणातली व्हेंटही बघून घ्या.

खरी काळजी छतावरच्या डागाची आहे. तिथे पंखाच्या मुळाशी, टाकीच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर इंधनमापकाचा सेंडर बसवलेला असतो. त्याच भागात टाकीची नळी आणि केबिनकडे उतरणारी नळी जोडणारे आखूड रबरी होज क्लॅम्पने धरलेले असतात. संशयित हे दोघेच. निवाडा सोपा आहे: टाकी अर्ध्यावर आणा, डाग पुसा, एक रात्र थांबा. पाझर थांबला तर दोष वरच्या भागात, म्हणजे बहुतेक सेंडरच्या गॅस्केटला. अर्ध्या टाकीलाही चालूच असेल तर खालचा रबरी जोड.

तुमच्या बाबतीत मी सेंडरवर बोट ठेवेन. पावसाळाभर टाकी पाव भरलेली होती, म्हणजे वरचं गॅस्केट चार महिने इंधनाविना सुकत राहिलं. सुकलं की आकसतं, आणि मग एकदम भरल्यावर कडेने वाट मिळते. कधी कधी इंधन लागल्यावर गॅस्केट फुगून पाझर आपोआप बंदही होतो. पण केबिनकडे गळणाऱ्या जागी त्यावर विसंबायचं नाही, गॅस्केट बदलायचंच.

सेंडर काढण्याआधी टाकी त्याच्या पातळीखाली रिकामी करा आणि बॅटरी सोडवा, कारण सेंडरला वायर आहे. नुसतं गॅस्केट बघून थांबू नका. मधल्या विजेच्या टर्मिनलच्या इन्सुलेटरभोवतीही पाझर येतो. तो असेल तर गॅस्केट बदलून काही होत नाही, सेंडरच दुरुस्तीला किंवा बदलायला जातो. स्क्रूखालचे सीलिंग वॉशर नवे घ्या, स्क्रू समोरासमोरचे जोडीने थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळत गेलं की गॅस्केट दुसऱ्या बाजूला उचलतं.

हँगर_उत्तर

वरचं सगळं करताना आगीचं आधी बघा. ॲव्हगॅसची वाफ हवेपेक्षा जड असते, ती केबिनच्या तळाशी आणि हँगरच्या खड्ड्यात साचते, आणि पुण्याच्या कुठल्याही थंडीत ती पेट घेऊ शकते. विमान बाहेर ओढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, मास्टर स्विच बंद, बॅटरी सोडलेली. मोबाइल खिशात नको. टॉर्च ज्वलनशील वाफेत चालण्यासाठी प्रमाणित असलेलीच घ्या. इंधन प्लास्टिकच्या बादलीत काढू नका. धातूचा डबा घ्या आणि डबा, विमान व जमीन वायरने एकमेकांना जोडा. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. या इंधनात शिसं आहे: हातमोजे घाला, आणि काढलेलं इंधन मातीवर ओतू नका.

आता स्ट्रेनरचा थेंब. दहातल्या बहुतेक वेळा ड्रेनच्या सीटवर अडकलेला कण हेच कारण असतं. ऑइलच्या डिपस्टिकजवळची ड्रेनची दांडी पूर्ण ओढून तीन-चार सेकंद जोरात धार जाऊ द्या, मग झटक्यात सोडा. असं तीन-चारदा करा. काढलेलं इंधन पारदर्शक बरणीत घेऊन बघा. पाव टाकीवर पावसाळा काढला आहे, तेव्हा तळाशी पाण्याचा थेंब मिळण्याची शक्यता बरीच आहे. पाणी खाली बिनरंगी गोळा होतं, निळं वर राहतं. दोन्ही टाक्यांच्या खालच्या ड्रेनमधूनही नमुना घ्या.

तरी थांबलं नाही तर ड्रेनची ओ-रिंग बघा. इथेच नाना पेठेचा मुद्दा येतो. दिसायला तंतोतंत सारखी ओ-रिंग दोन वेगळ्या रबरांची असू शकते. इंधनासाठी एमएस २९५१३ मालिका, हायड्रॉलिक तेलासाठी एमएस २८७७५. मापं जुळतात, त्यामुळे हायड्रॉलिकची रिंग इंधनात बसतेही. मग ती फुगते किंवा कडक होते आणि काही महिन्यांत तुम्ही पुन्हा इथेच. रंगाच्या ठिपक्यावर जाऊ नका, बंद पाकिटावरचा पार्ट नंबर आणि क्युअर डेट (रबर पिकवल्याची तारीख) वाचा. तुमच्या ड्रेनच्या ओ-रिंगचा नेमका डॅश नंबर (मापाचा आकडा) विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगमधून एएमई साहेबांकडून काढून घ्या.

स्ट्रेनरचा बाउल उघडलाच तर चाळणी धुवा, गॅस्केट नवं घाला आणि सेफ्टी वायर नवी घाला, तीही नट आवळण्याच्या दिशेने ओढ लागेल अशी.

एक नेहमीची चूक. टेपर आट्यांच्या जोडाला लोक पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळतात. तिची चिंधी सुटून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडच्या चाळणीत जाऊन बसते. इंधनाला चालणारं सीलंट वापरा, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून. फ्लेअरच्या जोडाला तर काहीच लावायचं नाही. तिथे धातू धातूवर बसून सील होतं, आट्यांवर नव्हे.

निळी_धार, पुणे

दोघांचेही आभार. ड्रेन तीन वेळा जोरात सोडला आणि थेंब थांबला. बरणीत चमचाभर पाणी आणि तांबूस गाळ निघाला. टाकी अर्ध्यावर आणून आज सकाळी बघितलं, छतावरचा डाग कोरडा आहे. म्हणजे सेंडरच. एअरबॉक्सची ओल अजून समजत नाही. आणि होज गळत नसताना नुसत्या तारखेवरून बदलायचे का? खर्च मोठा आहे.

लवचिक_नळी

होय, बदलायचे. सेसनाच्या मॅन्युअलप्रमाणे इंजिनच्या कप्प्यातले, कंपनीने बसवलेले रबरी होज ५ वर्षांनी किंवा इंजिन ओव्हरहॉलला, जे आधी येईल तेव्हा बदलायचे. टेफ्लॉन अस्तराच्या होजला १० वर्षं मिळतात. २०१६ चा रबरी होज म्हणजे मुदत केव्हाच उलटली.

गळत नाही हे कारण पुरत नाही, कारण रबरी होज आतून मरतो. उष्णतेने आणि इंधनाने आतलं अस्तर कडक होतं, त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून धड दिसणाऱ्या होजमध्ये एखादा पापुद्रा झडपेसारखा उठतो आणि पूर्ण पॉवर देताना इंधन अडवतो. तुमच्या विमानात पंप नाही, इंधन उंचावरून नुसतं उतरतं. ढकलणारा दाब तुटपुंजा, त्यामुळे थोडासा अडथळाही महागात पडतो. आणि आता तो लाकडासारखा होज वाकवून बघू नका. जिथे आहे त्या आकारात तो गोठलेला आहे, सरळ केला की आतून चिरतो. काढला की तो परत लावायचा नाही, हे धरूनच हात घाला.

भोसरीत क्रिंपिंग करणारे आपल्या कामात चोख आहेत, पण त्यांचा होज हायड्रॉलिक प्रेससाठी असतो. तो तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त दाब झेलेल, पण इथे प्रश्न दाबाचा नाहीच. एक तर त्याचं अस्तर खनिज तेलासाठी असतं, ॲव्हगॅसमधल्या ॲरोमॅटिक घटकांसाठी नाही. दुसरं, इंजिनच्या बाजूला इंधनाचा होज अग्निरोधक लागतो: सुमारे १,१०० अंश सेल्सिअसच्या ज्वालेत ५ मिनिटं टिकणारा. टीएसओ-सी५३ए या अमेरिकन मानकात टाइप सी आणि टाइप डी हे अग्निरोधक होज आहेत. तिसरं, त्याच्यासोबत रिलीज सर्टिफिकेट येत नाही, आणि त्याशिवाय एएमई सही करूच शकत नाहीत. सीए फॉर्म १ (भारत), एफएएचा ८१३०-३ (अमेरिका) किंवा ईएएसए फॉर्म १ (युरोप) यांपैकी जो लागू असेल तो कागद पार्टसोबत हवा.

मागवताना चार गोष्टी लिहून द्या: विमानाचा सिरियल नंबर, जुन्या होजच्या पट्टीवरचा पार्ट नंबर, दोन्ही टोकांच्या फिटिंगचा कोन, आणि लांबी कुठून कुठे मोजली ते. होजचा डॅश नंबर हे आतल्या भोकाचं माप नव्हे. ज्या कडक नळीशी तो जुळतो तिच्या बाहेरच्या व्यासाचं ते सोळाव्या इंचातलं माप आहे. डॅश ६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंची नळी. भोक मोजून मागवलंत तर चुकीचा होज येतो. फिटिंग ३७ अंशांची. मोटारीची ४५ अंशांची फिटिंग त्याच आट्यांवर चढू शकते, पण सील होत नाही.

नवा होज हातात आल्यावर टॅग वाचा: पार्ट नंबर, दाब-चाचणीची तारीख, होजची क्युअर डेट. क्युअर डेट बहुधा तिमाहीत लिहितात, ३क्यू१६ म्हणजे २०१६ ची तिसरी तिमाही. गोदामात पाच वर्षं पडलेला ‘नवा’ होज नको. मग उजेडाकडे धरून आतून आरपार बघा. फिटिंग चढवताना कधी कधी निपलने अस्तर सोलून जिभेसारखा तुकडा उभा राहतो. चांगली शॉप योग्य मापाची गोळी आतून घरंगळवून तपासतात, तशी तपासली का ते विचारा. फायरस्लीव्हची (आगीपासून वाचवणाऱ्या बाहेरच्या आवरणाची) टोकं उघडी नसावीत. ती सीलंटमध्ये बुडवून फिटिंगवर पट्टीने आवळलेली हवीत, नाहीतर स्लीव्ह तेल आणि इंधन वातीसारखं शोषते.

बसवताना होजवरची लांब रेघ सरळ ठेवा. रेघ पिळलेली दिसली तर होज पिळला आहे आणि दाब आला की नट ढिला करत राहील. लांबीत ५ ते ८ टक्के सैल ठेवा, कारण दाबाखाली होज आखडतो. एग्झॉस्टपासून लांब, आणि इंजिन माउंटच्या नळीला घासणार नाही असा क्लॅम्प. पिवळट माउंट-पाइपवर चकचकीत घासलेली जागा दिसली तर तिथेच आधी काहीतरी घासत होतं असं समजा.

आवळताना दोन पाने: एकाने फिटिंग धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. ॲल्युमिनियम नळीच्या नटासाठी ढोबळ टॉर्क असा: डॅश ४ ला ४० ते ६५ इंच-पौंड, डॅश ६ ला ७५ ते १२५. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच. पूर्ण टॉर्कवरही पाझर असेल तर दाब काढा, जोड उघडा, फ्लेअर बघा. खाच, चिरा किंवा आत कचरा सापडेल. आणखी पाव फेरा हा उपाय नव्हे.

इंधनाच्या होजच्या निमित्ताने ऑइल कूलरचे आणि ऑइल प्रेशर गेजचे होजही बघा. वय तेच, उष्णताही तीच.

सदतीस_अंश

एअरबॉक्सबद्दल. थ्रॉटल पुढे-मागे केल्यावर किंवा प्राइम केल्यावर (सुरू करण्याआधी हातपंपाने इंधन फवारल्यावर) लगेच ओल आली आणि काही मिनिटांत थांबली, तर ती गळती नाही. ॲक्सिलरेटर पंपाने फवारलेलं इंधन खाली उतरतं. म्हणून हे करून बघा: थ्रॉटलला हात लावू नका, एअरबॉक्स कोरडा पुसा, सिलेक्टर चालू ठेवून अर्धा तास थांबा. थेंब येत राहिले तर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या तरंग्याची) सुई सीटवर बसत नाही. मग सिलेक्टर बंद करा आणि थोड्या वेळाने थेंब थांबतो का बघा. थांबला तर निदान पक्कं.

तुमच्या स्ट्रेनरमध्ये तांबूस गाळ निघाला आहे, तेव्हा सुईखाली कण असण्याची शक्यता आहे. बाउलवर प्लास्टिकच्या हातोडीने हलके टकटक करून कण सुटतो, पण तो कुठून आला हे बघायला कार्ब्युरेटरच्या तोंडची चाळणी काढून धुवावीच लागेल. कण नसेल तर फ्लोट. काही प्रकारचे फ्लोट इंधन शोषून जड होतात, तरंगणं कमी झालं की पातळी वर चढते. ते काम कार्ब्युरेटर शॉपचं. बाउल आणि थ्रॉटल बॉडी यांच्या सांध्यावर निळी रेघ आहे का तेही बघा. असेल तर चार स्क्रू आणि त्यांच्या लॉक टॅबकडे एएमई साहेबांचं लक्ष वेधा.

वास एवढ्यावरही गेला नाही तर पॅनेलमागचा प्राइमर बघायचा. त्याच्या दांड्यावरच्या ओ-रिंग सुकल्या की तो पायलटच्या गुडघ्यापाशीच पाझरतो. त्यानंतर जमिनीखालचा सिलेक्टर व्हॉल्व्ह.

पंखाखाली

याच धाग्यात विचारतो. आमचं १७२एस आहे. उजव्या पंखाखाली रिव्हेटच्या रांगेत निळा डाग. टाकी काढून गॅस्केट बदलायचं का? बाहेरून सीलंट लावलं तर?

हँगर_उत्तर

तुमची टाकी काढता येत नाही, पंखाचा पत्रा हीच टाकी. १७२एम ची टाकी वेगळी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे वरचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

आधी मोजा. डाग पुसून कोरडा करा, ३० मिनिटांनी ओल किती पसरली ते पट्टीने बघा. पाऊण इंचाच्या आत असेल तर नुसता डाग, पाऊण ते दीड इंच पाझर, दीड ते चार इंच मोठा पाझर, आणि त्यापुढे किंवा ओघळ आला तर वाहती गळती. मोकळ्या हवेतला छोटा डाग नोंद करून, लक्ष ठेवून पुढच्या तपासणीपर्यंत नेता येतो, तो निर्णय एएमईचा. वाहती गळती, किंवा पंखाच्या बंद कप्प्यात किंवा केबिनकडे जाणारा कितीही छोटा पाझर, दुरुस्तीशिवाय उडायचं नाही.

बाहेरून सीलंट लावणं म्हणजे दार लावून चोराला आत कोंडणं. इंधन आत एका जागी शिरतं, सांध्यातून सरकत दोन हात लांब बाहेर येतं. बाहेरचं भोक बुजवलं तर ते दुसरी वाट शोधतं. आतली जागा शोधण्यासाठी टाकी रिकामी करून, व्हेंट बंद करून अगदी कमी हवा भरतात: जास्तीत जास्त अर्धा पीएसआय, म्हणजे पाण्याची ३५ सेंटीमीटर उंची. पारदर्शक नळीत पाणी भरून यू आकाराचा मापक लावा. कॉम्प्रेसरच्या गेजवर अर्धा पीएसआय वाचताच येत नाही, आणि जास्त दाबाने पंखाचा पत्रा फुगतो. साबणाचं पाणी आतून सीमवर लावायचं, हवा बाहेरून बाहेरच्या भोकात फुंकायची, असंही करता येतं. बुडबुडा आला की तीच जागा.

जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने उतरतं करत काढा, लोखंडी स्क्रॅपर नको. एमईके या सॉल्व्हंटने पुसा आणि ते उडण्याआधीच कोरड्या चिंधीने टिपून घ्या, नाहीतर विरघळलेली घाण तिथेच परत बसते. बी-२ प्रकारच्या पॉलिसल्फाइड सीलंटला मिसळल्यापासून लावायला २ तास मिळतात आणि २५ अंशांना पूर्ण पिकायला साधारण ७२ तास लागतात. डिसेंबरात पुण्यात रात्री १०-१२ अंश असतं, तेव्हा हे गणित बरंच लांबतं. घाईने इंधन भरलं की केलेलं काम वाया. धुण्यासाठी किंवा चाचणीसाठी पंपावरचं पेट्रोल वापरू नका. त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते सीलंट आणि रबर दोन्ही खराब करतं.

लवचिक_नळी

निळी_धार, शनिवारच्या कामानंतरची एक चाचणी राहून जाऊ नये. होज बदलला की कार्ब्युरेटरकडचं टोक सोडून, टाकीत कमी इंधन ठेवून आणि नाक वर उचलून प्रवाह मोजायला सांगा. टेकऑफला हे इंजिन तासाला ४५ ते ५० लिटर घेतं, आणि गुरुत्वाने चालणाऱ्या सिस्टिमला त्याच्या दीडपट प्रवाह लागतो. म्हणजे मिनिटाला साधारण १.२ लिटर. डबा आणि स्टॉपवॉच पुरे. कमी आला तर व्हेंट, चाळणी, सिलेक्टर या क्रमाने शोधा.

मग जोड लावून टाक्या पुन्हा काठोकाठ भरा, कारण सेंडरचा दोष भरल्यावरच दिसत होता. रात्रभर ठेवा, पहाटे पांढरी चिंधी फिरवा. इंजिन पाच मिनिटं चालवून काउलिंग उघडा, पुन्हा तीच चिंधी. लॉगबुकात होजचे पार्ट नंबर, क्युअर डेट आणि बदलल्याची तारीख तिन्ही लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी पुसली गेली तरी वय शोधावं लागणार नाही.

निळी_धार, पुणे

एअरबॉक्सची चाचणी केली. थ्रॉटलला हात न लावता अर्धा तास सिलेक्टर चालू ठेवला, एकही थेंब नाही. म्हणजे रोज तपासताना थ्रॉटल हलवला जात होता त्याचीच ती ओल. तरी चाळणी काढून धुण्याचं यादीत ठेवलं आहे. मागवायला दिलं: डाव्या आणि उजव्या दोन्ही सेंडरचं गॅस्केट आणि सीलिंग वॉशर, पंखाच्या मुळाचे रबरी जोड क्लॅम्पसह, स्ट्रेनरचं गॅस्केट आणि ड्रेनची ओ-रिंग, इंधनाचा आणि ऑइलचे सगळे होज. पार्ट कागदांसह येईपर्यंत विमान जमिनीवरच, टाक्या अर्ध्या आणि सिलेक्टर लेफ्टवर.